वस्तीवरचा लहान जनरेटर : काय चालेल आणि काय चालणार नाही



बेणे, लागण, खत, हुमणी हे आमचे नेहमीचे विषय. यावेळी जरा बांध ओलांडून लिहितो आहोत, त्याला कारण आहे. पावसाळा सुरू झाला, की गट कार्यालयात येणारे सभासद उसाचे काम आटोपले तरी लगेच उठत नाहीत. चहा होतो आणि मग हळूच प्रश्न येतो. "साहेब, वस्तीवर लाइट टिकत नाही. बारका जनरेटर घ्यावा म्हणतोय. दोन केव्हीएवर काय काय चालंल?" दुकानदाराने त्यांना आधीच सांगितलेले असते, की सगळं घर चालतंय. आम्हाला फक्त होकार द्यायचा असतो.

तो होकार आम्ही देत नाही. एका सभासदांनी (नाव सांगत नाही, कारण ते ही पत्रिका वाचतात) असाच एक जनरेटर घेतला. दिवे लागले, पंखे फिरले, फ्रिजही चालला. मग त्यांनी आडावरची एक हॉर्सपॉवरची मोटार त्याच्यावर जोडली. मोटार फिरेना, नुसती हुंकार देत राहिली. "धरंल आता, धरंल आता" म्हणत अण्णा बटणाजवळ उभे राहिले. मिनिटभरात वास आला. मोटार भरायला टाकावी लागली आणि जनरेटरचाही आतला एक भाग गेला, तो वेगळा. दोष कुणाचा म्हणायचा? मोटार चांगली होती, जनरेटरही चांगला होता. हिशोब मात्र कुणी केलेला नव्हता.

आम्ही काही विजेचे इंजिनिअर नव्हे. शेतीच्या पदविकेला असताना एक मोटार खोलून परत जोडली होती, त्यात दोन स्क्रू उरले होते, एवढीच आमची मजल. पण पुढची माहिती जाणत्या वायरमनांना विचारून आणि वस्त्यांवर डोळ्यांनी पाहून लिहिली आहे.

पहिली गोष्ट पाटीची. जनरेटरवर एक पाटी असते. तिच्यावर दोन आकडे असतात, एक कमाल आणि एक सततचा. दुकानात मोठा आकडा सांगतात. कमाल म्हणजे क्षणभर ओढेल तेवढे, दिवसभर नव्हे. आपण धरायचा तो सततचा आकडा. शिवाय केव्हीए आणि किलोवॅट या दोन गोष्टी एक नाहीत. मोटारीसारख्या वस्तूंच्या बाबतीत केव्हीएचा आकडा ०.८ ने गुणला, की किलोवॅटचा साधारण अंदाज येतो. म्हणजे २ केव्हीएचा जनरेटर १६०० वॅटचा समजावा. त्यातही तो कायम पूर्ण ओझ्यावर पळवायचा नसतो; बाराशे-तेराशे वॅटपर्यंत ठेवला तर इंजिन टिकते. आपला भाग समुद्रसपाटीपासून उंच आहे, हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद थोडी कमी भरते. दर ३०० मीटरला साडेतीन टक्क्यांच्या आसपास धरतात. उन्हाळ्यात आणखी थोडी घट. हा फरक मोठा नाही, पण काठावर चालणाऱ्याला तो नडतो.

आता मुख्य गोष्ट, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

उसाने भरलेली गाडी चिखलातून बाहेर काढताना बैल किती जोर लावतात, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. माना खाली, गुडघे टेकलेले, गाडीवान ओरडतोय. एकदा चाक फिरले आणि गाडी डांबरी रस्त्याला लागली, की तेच बैल रमतगमत चालतात. मोटारीचे तसेच आहे. थांबलेली मोटार फिरायला लागताना चालू मोटारीच्या चारपट ते सहापट करंट ओढते. हे एखाद-दुसऱ्या सेकंदापुरते असते. डीपीवरच्या लाइनीला त्याचे काही वाटत नाही, फार तर बल्ब मिचकतो. पण लहान जनरेटर म्हणजे जोडीतला एकच बैल. त्याच्याकडे तेवढा दम नसतो. मग व्होल्टेज खाली येते, व्होल्टेज कमी म्हणून मोटार फिरत नाही, फिरत नाही म्हणून करंट कमी होत नाही, आणि तो सगळा करंट वाइंडिंग तापवण्यात जातो. अण्णांच्या मोटारीचे हेच झाले.

आमची स्वतःची फजिती सांगतो. एका गावात ऊस पीक परिसंवाद ठेवला होता. भाड्याने आणलेला २ केव्हीएचा जनरेटर, त्यावर लाउडस्पीकर, पडद्यावर चित्रे दाखवायचे यंत्र आणि चार पंखे. सगळे छान चालले होते. ठिबकचे प्रात्यक्षिक दाखवायला अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप होता. आम्हीच मोठ्या ऐटीत म्हणालो, "आता पंप चालू करून बघू या." बटण दाबले आणि जनरेटर कण्हला. पंखे मंदावले, पडदा काळा झाला, लाउडस्पीकरने एक हुंदका दिला. मागून एक म्हातारे सभासद म्हणाले, "साहेब, आधी जनरेटरला खत घाला." मंडप हसला. ते यंत्र दुरुस्तीला टाकावे लागले, तो खर्च आमच्या खिशातून गेला. पंप आधी चालू केला असता आणि मग बाकीचे एकेक करून जोडले असते, तर कदाचित निभावले असते. मोठी मोटार पहिल्यांदा आणि मोकळ्या जनरेटरवर, हा नियम आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता घरातल्या वस्तू. दिवा, पंखा, टीव्ही, मोबाइलचा चार्जर यांची काळजी नको. एलईडी दिवा ९ वॅटचा, साधा छताचा पंखा ७५ वॅटचा, नव्या पद्धतीचा बीएलडीसी पंखा तर ३० वॅटच्या आसपास. फ्रिज फसवा असतो. चालू असताना तो दीडशे वॅट खातो, पण आतला कॉम्प्रेसर उठताना सातशे-आठशेपर्यंत जातो. शिवाय तो केव्हा उठेल ते आपल्या हातात नाही. एका वस्तीचा हिशोब आम्ही मालकीणबाईंसमोर बसून पाटीवर मांडला होता, तोच इथे देतो. सहा दिवे म्हणजे ५४ वॅट. तीन पंखे २२५. टीव्ही १००. फ्रिज १५०. तीन मोबाइल मिळून ४५. बेरीज ५७४ वॅट. फ्रिज उठताना सहाशेची भर धरली, की ११७४. म्हणजे २ केव्हीएच्या जनरेटरला हे घर आरामात पेलते. बाईंना समाधान वाटले. मग त्या म्हणाल्या, "आणि गिझर?"

इथे गाडी अडते. उष्णता देणारी वस्तू उठताना जास्त ओढत नाही, पण चालू असेपर्यंत पूर्ण ओढत राहते. गिझर २००० वॅटचा, काही तीन हजाराचे. विजेची शेगडी तशीच. इस्त्री साडेसातशे ते हजार. गिझर लहान जनरेटरवर लावायचाच नाही. पाणी चुलीवर तापवावे, बंबात तापवावे, गॅसवर तापवावे. इस्त्री लावायची तर फ्रिज बंद करून. मिक्सर पाच मिनिटांचा असतो, तेवढा वेळ बाकीचे थांबवले तर चालतो. घरगुती चक्कीची मोटार एक हॉर्सपॉवरची असते, ती अण्णांच्या मोटारीच्याच जातीची. ती नको.

परदेशातही हेच गणित आहे, असे आम्हाला एका सभासदांच्या मुलाने सांगितले. तो अमेरिकेत असतो. तिकडे लोक चाकांवरचे घर घेऊन सुट्टीत फिरतात, त्याला आर. व्ही. म्हणतात. आत फ्रिज, शेगडी, एअर कंडिशनर सगळे असते आणि जंगलात मुक्काम पडला, की आपल्यासारखाच हातात धरून नेण्याजोगा जनरेटर लावतात. त्यांचीही तक्रार ठरलेली. दोन हजार वॅटच्या जनरेटरवर सगळे चालते, एअर कंडिशनर तेवढा उठत नाही. मग ते लोक तो हळू उठवणारे एक उपकरण बसवतात, नाहीतर एकसारखे दोन जनरेटर जोडून चालवतात. आणि एअर कंडिशनर चालू असताना कॉफीचे यंत्र लावायचे नाही, असे घरधनी सगळ्यांना बजावून ठेवतो. म्हणजे घराला चाके असली तरी भांडण तेच.

पंपाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण खरा प्रश्न तोच असतो. पाच हॉर्सपॉवरची सबमर्सिबल मोटार लहान जनरेटरवर चालणार नाही. ती थ्री फेजची असते, लहान जनरेटर सिंगल फेजचा. तिला चालायलाच पाच किलोवॅटच्या आसपास लागतात आणि उठायला त्याच्या कितीतरी पट. त्यासाठी साडेबारा-पंधरा केव्हीएचा डिझेल संच, नाहीतर ट्रॅक्टरच्या पीटीओवर फिरणारा अल्टरनेटर लागतो. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल आणि मोटारीच्या सहाही तारा वर आणलेल्या असतील, तर उठतानाचा करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो, तेवढाच काय तो दिलासा. कुणी "कंडेन्सर टाकून सिंगल फेजवर चालवून देतो" म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

आडावरची किंवा टाकीत पाणी चढवणारी एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार चालू असताना सात अँपिअरच्या आसपास घेते आणि उठताना तीसपर्यंत जाते. तीस अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ७ केव्हीए, क्षणभरासाठी. तिला २ केव्हीए पुरत नाही; चांगल्या बनावटीचा साडेतीन ते पाच केव्हीएचा लागतो. अर्ध्या हॉर्सपॉवरची २ केव्हीएवर उठते किंवा उठत नाही, अगदी काठावर असते. उठवायची तर बाकी सगळे बंद ठेवून, आणि मोनोब्लॉक असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व बंद करून मोटार चालू करावी, वेग घेतला की व्हॉल्व हळूहळू उघडावा. अशा पंपावर पाणी बंद असताना ओझे सर्वांत कमी असते. दोन-तीन सेकंदांत मोटार फिरली नाही, तर लगेच बटण बंद. "धरंल आता" म्हणत थांबायचे नाही.

एक डोळा रोपांची नर्सरी असलेल्या सभासदांसाठी एवढेच सांगतो. शेडमधल्या फॉगरच्या पंपाला हाच हिशोब लावावा, आणि पंपाची पाटी पाहून मगच जनरेटर घ्यावा. रोपे ऐन उन्हात चार तास पाण्यावाचून राहिली तर ट्रे कोमेजतात, तेव्हा तिथे जनरेटर ही चैन नव्हे. बेण्याला उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया मात्र अशा जनरेटरवर करण्याचा विचारही करू नये. ५४ अंश सेल्सिअस तापमान चार तास एकसारखे ठेवायचे असते, ते हीटरचे काम आहे. मध्येच तापमान पडले तर गवताळ वाढीचा रोग तसाच राहतो आणि आपण मात्र प्रक्रिया केल्याच्या समाधानात असतो.

वायरीकडे कुणाचे लक्ष नसते. जनरेटर घराजवळ, आड शंभर मीटरवर, मध्ये घरात सापडली ती दीड चौरस मिलिमीटरची वायर. जाणारी आणि येणारी मिळून दोनशे मीटर तांबे झाले. त्यातून सात अँपिअर जाताना १७ व्होल्ट वाटेतच जिरतात. आणि मोटार उठताना तीस अँपिअर मागते, तेव्हा ७२ व्होल्ट जिरतात! जनरेटरमधून २३० निघाले तरी मोटारीपाशी १५८ पोचले. मग ती उठेल कशी? हीच वायर चार चौरस मिलिमीटरची असती, तर उठताना २८ व्होल्टच गेले असते. वायरीत पैसे वाचवून मोटार भरायला घालू नये. वायर गुंडाळी तशीच ठेवून वापरणेही वाईट, कारण गुंडाळीत ती तापते. आणि ओल्या गवतातून जोड दिलेली वायर नेऊ नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आतापर्यंत पैशाचे नुकसान झाले. आता जिवाचे.

काही घरांत आम्ही एक वायर पाहिली आहे. तिच्या दोन्ही टोकांना पिना. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी घरातल्या प्लगमध्ये, की सगळे घर उजळते. फार सोयीचे वाटते. पण मेन स्विच पाडायचा राहिला, तर ती वीज घरापुरती थांबत नाही. सर्व्हिस वायरने खांबावर जाते. लाइट गेली म्हणून वायरमन खांबावर चढलेला असतो. त्याने डीपीवरून लाइन बंद केलेली असते, त्याला वाटते तार मेलेली आहे. तुमच्या जनरेटरने ती जिवंत केलेली असते. आणि डीपीपर्यंत पोचली तर आणखी वाईट, कारण ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी काम करतो. इकडून तो ११००० व्होल्टचे २३० करतो, तर उलट बाजूने २३० घातले तर वरच्या तारेवर ११००० उभे राहू शकतात. तो वायरमन बहुतेक आपल्याच पंचक्रोशीतला असतो, कुणाचा तरी जावई, कुणाचा तरी पुतण्या. शिवाय त्या वायरची घरातली पिन निसटून बाहेर आली, तर तिच्या उघड्या दांड्यांत वीज असते आणि घरात लेकरे असतात. ही वायर आज घरात असेल तर आजच तिची एक पिन कापून टाका.

त्याऐवजी चेंजओव्हर स्विच बसवावा. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा. नुसता फेज तोडणारा स्वस्त मिळतो, तो नको. त्यात एका वेळी एकच मार्ग चालू राहतो, वीज कंपनीचा नाहीतर जनरेटरचा. दोन्ही एकदम चालू राहण्याची सोयच नसते. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्यावे आणि वीज कार्यालयाला कळवावे. अर्थिंगचेही त्याच्याकडूनच करावे. यात एक बारीक गोष्ट आहे. बऱ्याच लहान जनरेटरांत न्यूट्रल अर्थिंगला बांधलेला नसतो. तसे असेल तर घरात बसवलेला शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी जनरेटर चालू असताना पडत नाही, आणि आपण मात्र तो आहे म्हणून निर्धास्त असतो. वायरमनला हे आवर्जून विचारा. त्याला उत्तर देता आले नाही तर दुसरा वायरमन बघा.

दुसरा धोका दिसत नाही, वासही येत नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. धुराचा वास येतो तो दुसऱ्या गोष्टींचा. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो लाल पदार्थ आहे, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण अंगाला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, गुंगी येते. रात्री झोपेत असेल तर माणसाला काहीच कळत नाही.

एका पावसाळ्यात सकाळीच खोडव्याची पाहणी करायला आम्ही एका वस्तीवर गेलो. घरातली सगळी माणसे अंगणात ओल्या बाजेवर बसलेली. आजींना उलटी झालेली, धाकट्या पोराचे डोळे उघडत नव्हते. त्यांना वाटत होते रात्रीच्या आमटीतून बाधा झाली. आम्ही पडवीत पाहिले तर जनरेटर. रात्री पाऊस जोरात म्हणून आत घेतला, चोरी होऊ नये म्हणून पडवीचे दार लावले आणि मधल्या खोलीचे दार उघडेच राहिले. पहाटे पेट्रोल संपून तो आपोआप बंद पडला, म्हणून सगळी माणसे वाचली. पेट्रोलची टाकी भरलेली असती तर? आम्ही सर्वांना गाडीत घालून तालुक्याला नेले. पोरगा दुपारी उठून बसला. त्या घरातून आम्ही आजही जातो, पण पडवीकडे पाहिले की पोटात खड्डा पडतो.

म्हणून जनरेटर घरापासून निदान वीस फूट लांब, उघड्यावर, धुराचे तोंड दारा-खिडकीच्या उलट दिशेला. पडवी, गोठा, जिन्याखालची जागा, गाडीचे शेड, यातले काही चालणार नाही. खिडकी उघडी ठेवली म्हणजे झाले, हाही गैरसमज. पावसासाठी चार खांबांवर पत्रा टाकावा, चारी बाजू मोकळ्या. ऑइल इंजिनाच्या काळात पाणी खाली गेले, की विहिरीच्या आत टप्प्यावर इंजिन उतरवत. तेव्हा खाली उतरलेली माणसे वर आली नाहीत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. कारण हाच वायू. कुणाला डोकेदुखी-मळमळ एकदम सुरू झाली, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढावे आणि दवाखाना गाठावा. झोपून बरे वाटेल म्हणू नये.

हंगाम सुरू झाला, की आपल्या फडांत टोळ्या येतात. त्यांच्या कोप्या कागदाच्या आणि बांबूच्या, एकमेकींना चिकटून. अलीकडे मुकादम दिव्यांसाठी आणि मोबाइलसाठी बारका जनरेटर आणतात. थंडीत तो कोपीच्या आडोशाला ठेवतात, कारण बाहेर ठेवला तर जाईल ही भीती. टोळी ज्यांच्या रानात उतरली असेल, त्या सभासदांनी मुकादमाला हे दोन शब्द सांगावेत. साखळी लावून झाडाला बांधायला सांगा, पण लांब ठेवायला सांगा. चिटबॉयनाही आम्ही याबद्दल सूचना दिल्या आहेत.

खर्चाचेही पाहू. अशा जनरेटरला एक युनिट वीज तयार करायला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल लागते, आणि ओझे कमी असेल तर युनिटमागे त्याहून जास्त, कारण इंजिन तर फिरतच असते. वरच्या ५७४ वॅटच्या घराला संध्याकाळचे चार तास जनरेटर लावला, तर दोन-सव्वादोन लिटर पेट्रोल सहज जाते. शंभर रुपये लिटर धरले तरी संध्याकाळी दोनशेच्या वर. रोजच्या लाइट जाण्याला हे परवडणारे नाही. त्यापेक्षा बॅटरीचा इन्व्हर्टर बरा. १५० अँपिअर-अवरची बॅटरी घेतली तर दिवे आणि दोन पंखे चार-पाच तास चालतात, आवाज नाही, धूर नाही. जनरेटर खरा उपयोगाचा तो लाइट दिवसच्या दिवस जाते तेव्हा. ऑगस्ट २०१९ च्या आणि पुन्हा जुलै २०२१ च्या पुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांनी ते अनुभवले आहे. अशा वेळीही तो चोवीस तास लावायचा नसतो. फ्रिजचे दार उघडले नाही तर चारेक तास थंडावा टिकतो. सकाळ-दुपार-संध्याकाळ तासभर जनरेटर चालवून फ्रिज थंड करावा, त्याच वेळी बॅटरी आणि मोबाइल चार्ज करावेत. घरात कुणाचे इन्सुलिन असेल, जनावरांची लस असेल, तर हे फार मोलाचे. बॅटरी मात्र तासाभरात भरत नाही, तिला आठ-दहा तास लागतात, तेवढे लक्षात ठेवावे. फ्रिज बंद केल्यावर पाच मिनिटे थांबून मगच पुन्हा चालू करावा, नाहीतर कॉम्प्रेसर अडकतो.

अलीकडे इन्व्हर्टर पद्धतीचे जनरेटर मिळतात. ते महाग आहेत. साध्या जनरेटरला ५० हर्ट्झ राखायला ओझे असो-नसो मिनिटाला ३००० फेऱ्यांनी पळावे लागते. नवा जनरेटर ओझे पाहून वेग कमी-जास्त करतो, म्हणून पेट्रोल कमी आणि आवाजही कमी. टीव्ही, संगणक यांना त्याची वीज चांगली. पण मोटार उठवायच्या बाबतीत तोही जादू करत नाही, आपला बंद पडून स्वतःला वाचवतो एवढेच.

शेवटी टाकीतल्या पेट्रोलबद्दल, कारण त्यात आपला ऊस आहे. देशात २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले, आणि त्यातला काही वाटा उसाचा रस आणि मळीतून येतो. ही आपल्या फायद्याची गोष्ट आहे, तरी जनरेटरपुरते दोन दोष सांगितले पाहिजेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ताकद असते, म्हणून मिश्रणाने थोडे जास्त पेट्रोल जाते. आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. जनरेटर पावसाळाभर भरल्या टाकीने पडून राहिला, तर पाणी धरलेले इथेनॉल वेगळे होऊन तळाला बसते, आणि इंजिन नेमके तळातूनच ओढते. जुन्या जनरेटरमधले रबराचे भागही त्याने फुगतात. तेव्हा महिन्याहून जास्त वापर नसेल तर टाकी रिकामी करावी, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. काढलेले पेट्रोल मोटारसायकलला घालावे. गरम इंजिनात पेट्रोल भरू नये, दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

ऑइलचे सगळ्यांनाच माहीत असते आणि कुणीच पाहत नाही. नव्या जनरेटरचे पहिले ऑइल वीस तासांनी बदलायचे, पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. दररोज वापर असेल तर रोज सकाळी काडी काढून पाहावी. ऑइल कमी झाले की बहुतेक जनरेटर आपोआप बंद पडतात किंवा चालूच होत नाहीत. उतारावर ठेवला तरी तसेच होते. ऑइल एका बाजूला जाते आणि त्याला वाटते संपले. गेल्या खेपेला एका वस्तीवरून मेकॅनिकला तीनदा बोलावणे गेले होते. जनरेटरखाली एक सपाट फरशी सरकवली आणि तो पहिल्या दोरीला चालू झाला. मेकॅनिकने फरशीचे पैसे लावले नाहीत.

ज्यांना घ्यायचाच आहे, त्यांनी घरातल्या मोटारींच्या आणि फ्रिजच्या पाटीवरचे आकडे कागदावर लिहून गट कार्यालयात आणावेत. लागण नोंदीच्या कामातून वेळ काढून आम्ही बेरीज करून देऊ. पण दुकानात जायच्या आधी या, आल्यावर नको.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग